सीएम१ आणि सीएस१ची तयारी: साहित्य कुठलं घ्यावं, क्लास लावावा का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीची. यंदा स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी झाले, एसेट ही ॲक्चुअरी (विमागणिती) व्हायची प्रवेश परीक्षा पास झाले आणि इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडियाचं विद्यार्थी सभासदत्व घेतलं. पुढच्या सत्रात सीएम१ (व्याजाचं आणि आयुर्विम्याचं गणित) आणि सीएस१ (संख्याशास्त्र) हे दोन पेपर द्यायचे ठरवतेय. आमच्या घरातच काय, अख्ख्या गल्लीत ही परीक्षा कुणी दिलेली नाही. मामा अजून विचारतात, "सीए का नाही करत?" बाबा हळदीच्या अडतीत हिशेब लिहितात. त्यांनी मात्र "तू ठरव, पैशाचं मी बघतो" एवढंच सांगितलं. म्हणूनच चुकीच्या ठिकाणी पैसे घालायची भीती वाटते.

समोर चार वाटा दिसतायत.
इन्स्टिट्यूटकडून मिळणारं ॲक्टएड या ब्रिटिश शिकवणी संस्थेचं साहित्य घेऊन घरी अभ्यास करायचा.
पुण्यातला एक क्लास लावायचा. फी बाबांच्या दोन पगारांएवढी आहे.
कॉलेजातले एक सीनिअर त्यांच्याकडच्या ॲक्टएडच्या सीटी१ आणि सीटी५च्या (२०१९पूर्वीच्या अभ्यासक्रमातले पेपर) जुन्या नोट्स फुकट द्यायला तयार आहेत.
एका टेलिग्राम ग्रुपवर "सगळ्या विषयांचं सगळं" दोनशे रुपयांत मिळतंय.
शिवाय परीक्षेआधी शनिवार-रविवारची रिव्हिजन सेमिनार असतात असं ऐकलंय, ती करावीत का?
ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

सात_बावीसची_लोकल
स्वागत! मी ठाण्याला राहते, आयुर्विमा कंपनीत प्रायसिंगमध्ये (हप्ते ठरवायच्या विभागात) आहे, सात पेपर झालेत. थोडक्यात सांगते. ॲक्टएडचा सीएमपी (कंबाइंड मटेरियल्स पॅक) संच घे. त्यात कोर्स नोट्स, प्रकरणामागचे सराव प्रश्न आणि असाइनमेंट्स असतात. नोट्समध्ये ठळक अक्षरात छापलेला मजकूर म्हणजे कोअर रीडिंग, परीक्षेचा अधिकृत मजकूर. बाकीचा ते समजावून देण्यासाठी. हे कळलं की वाचायचा वेग बदलतो. क्लासचं आत्ताच ठरवू नकोस, आधी दोन प्रकरणं स्वतः वाचून बघ.

सह्याद्रीवारा
टेलिग्रामवरून घे, सगळे तेच करतात. माझ्या तीन मित्रांनी तसंच केलं. उगाच पैसे कशाला घालवायचे?

विमागणिती_काका
सह्याद्रीवारा, रागावून बोलत नाही, पण हा सल्ला मागे घ्यावा अशी विनंती आहे. ॲक्टएडच्या पुस्तिकेवरच लिहिलेलं असतं की परवानगीशिवाय हे साहित्य भाड्याने देता येत नाही, उसनं देता येत नाही, विकता येत नाही, झेरॉक्स काढता येत नाही, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पाठवताही येत नाही. आणि आपण विद्यार्थी असलो तरी इन्स्टिट्यूटचे सभासद आहोत. २००६च्या ॲक्चुअरीज ॲक्टने या संस्थेला वैधानिक दर्जा दिला तो लोकांनी ॲक्चुअरीच्या सहीवर विश्वास ठेवावा म्हणून. कंपनीकडे दावे भागवण्याइतका निधी आहे की नाही हे उद्या ज्याने सांगायचं, त्याने पहिलीच पायरी चोरीच्या पीडीएफवर ठेवू नये. मला हे मनापासून वाटतं.

व्यवहाराचं सांगायचं तर त्या ग्रुपवरच्या फायली तीन-तीन सत्रांपूर्वीच्या असतात, काही तर २०१९च्या आधीच्या. अभ्यासक्रम बदलला की तुम्ही वगळलेलं वाचत बसता आणि नव्याने आलेलं राहून जातं.

कृष्णाकाठ, सीनिअरच्या नोट्सनाही हेच लागू आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, त्यांचे आभार मान, पण नोट्स नको. त्यांच्याकडून वेळ माग. आठवड्यातून अर्धा तास तुझ्या शंका सोडवल्या तर त्याला कुणाची हरकत नाही आणि उपयोगही जास्त होईल.

बाकी मोठं उत्तर रात्री लिहितो.

सह्याद्रीवारा
काका, हे असं लिहिलेलं असतं हे खरंच माहीत नव्हतं. सल्ला मागे घेतो.

पंचगंगा_तीरी
क्लासबद्दल माझा अनुभव सांगते, म्हणजे कृष्णाकाठला विचारायचे प्रश्न तरी मिळतील. नाव घेत नाही. २०१९मध्ये अभ्यासक्रम बदलला, सीटी मालिका गेली आणि सीएम, सीएस, सीबी आले. मी त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी एका क्लासला सीएस१ लावलं. सर उत्तम शिकवायचे, पण शिकवत होते जुना सीटी३. संभाव्यता, वितरणं, अंदाजक, गृहीतक चाचण्या, रिग्रेशन, सगळं छान झालं. परीक्षेला चार आठवडे उरले तेव्हा मी स्वतः सिलॅबस उघडला आणि पोटात गोळा आला. बेझियन स्टॅटिस्टिक्स, क्रेडिबिलिटी आणि जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल्स वर्गात आलीच नव्हती. ती पूर्वी सीटी६मध्ये होती, नव्या रचनेत सीएस१मध्ये आली. आर ही संख्याशास्त्राची संगणक भाषा तर एकदाही उघडली गेली नाही. विचारलं तर "ते तुमचं तुम्ही करा" असं उत्तर मिळालं. त्या सत्रात नापास झाले. फी गेली त्याचं दुःख कमी, सहा महिने गेले त्याचं अजून आहे.

म्हणून क्लासला जाण्याआधी या सत्राचा सिलॅबस छापून घेऊन जा आणि एकेका उद्दिष्टावर बोट ठेवून विचार: हे कधी शिकवणार? संगणकावरचा बी पेपर कोण घेणार? सोडवलेले पेपर तपासून परत मिळणार का? उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून ये.

सात_बावीसची_लोकल
पंचगंगा, वाईट वाटलं वाचून. हे फार जणांचं झालंय.
जुन्या प्रश्नपत्रिका मात्र अजिबात टाकू नका. त्या इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर उघड मिळतात. सीएम१साठी सीटी१ आणि सीटी५, सीएस१साठी सीटी३ आणि सीटी६मधला बेझियन व जीएलएमचा (जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल्सचा) भाग. सीटी६मधले रुइन थिअरी आणि रन-ऑफ ट्रँगल सीएम२मध्ये गेले, ते आत्ता सोडवत बसू नका.

विमागणिती_काका
आता सविस्तर. जेवण करून बसलोय.

आमच्या वेळी साहित्य लंडनहून पोस्टाने यायचं आणि हरवलं तर दोन महिने थांबायचो. त्यामुळे जे हाती होतं ते पाठ होईपर्यंत वाचलं जायचं. आज उलटं आहे. कोर्स नोट्स, रिव्हिजन नोट्स, फ्लॅशकार्ड्स, एसेट, मॉक, रेकॉर्ड केलेली लेक्चरं, तपासणीची कूपनं, सगळं आहे. मुलं सगळं घेतात आणि काहीच संपवत नाहीत. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी विचारतो, "किती प्रकरणांचे सगळे प्रश्न स्वतःच्या हाताने सुटलेत?" त्या आकड्यावरून निकालाचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

कृष्णाकाठ, इथे 'एसेट' या उच्चाराचा घोटाळा होतो म्हणून सांगून ठेवतो. तू दिलीस ती प्रवेश परीक्षा. ॲक्टएडचं एसेट म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकांची तपशीलवार उत्तरं आणि ती लिहायचं तंत्र. अडकल्याशिवाय त्याची गरज नाही, कारण इन्स्टिट्यूट प्रत्येक पेपरची इंडिकेटिव्ह सोल्युशन्स (नमुना उत्तरं) फुकट देते.

तर तुझ्यासाठी माझं मत: दोन्ही विषयांचे सीएमपी घे. पैसे उरले तर असाइनमेंट तपासून घेण्यावर घाल. ते वेगळं विकत घ्यावं लागतं आणि मुलं नेमकं तेच टाळतात. आपलं उत्तर परक्या माणसाने वाचून लाल शाईत "ही पायरी दाखवली नाही, एक गुण गेला" असं लिहिलेलं पाहणं हे दहा लेक्चरांपेक्षा जास्त शिकवतं. फ्लॅशकार्ड्स स्वतः कर. लिहिताना निम्मं डोक्यात बसतं.

सेमिनारचं. मी स्वतः पहिल्यांदा आयुर्विम्याच्या गणिताच्या दोन दिवसांच्या वर्गाला गेलो तेव्हा अर्धं पुस्तक वाचायचं राहिलं होतं. वाटलं, तिथे भरून निघेल. पहिल्या रांगेत बसून वही भरली. घरी आल्यावर त्या वहीतली एक ओळसुद्धा मला स्वतःला समजावून सांगता येईना, कारण प्रश्न माझे नव्हते, बाकीच्यांचे होते. पुढच्या वेळी तीस पानी यादी घेऊन गेलो, कुठे कुठे अडलो त्याची. त्या दोन दिवसांनी पेपर सुटला. सेमिनार तेच, शिकवणारेही तेच होते. म्हणून जायचं तर अभ्यासक्रम एकदा पुरा झाल्यावर आणि निदान चार जुने पेपर सोडवल्यावर. तोवर पैसे बँकेत असू देत.

आणि एक गोष्ट करून दाखवतो, कारण साहित्य कसं वापरायचं हे सांगून कळत नाही.

वय ४०, आजीव विमा, विमा रक्कम १० लाख, भरपाई मृत्यूच्या वर्षअखेरीस, हप्ता दर वर्षाच्या सुरुवातीला, एएम९२ अल्टिमेट हा मृत्युदरांचा तक्ता, व्याज ४ टक्के, खर्च नाहीत. फॉर्म्युले आणि तक्त्यांचं पुस्तक उघड. ४ टक्क्यांना ॲन्युइटी (हयातभर दरवर्षी एक रुपया हप्ता, त्याचं आजचं मूल्य) २०.००५, ॲश्युरन्स (एक रुपया भरपाईचं आजचं मूल्य) ०.२३०५६. भागाकार ०.०११५२५. निव्वळ वार्षिक हप्ता ११,५२५ रुपये. आता परीक्षेच्या घाईत ६ टक्क्यांचे आकडे उचलले तर १५.४९१ आणि ०.१२३१३, आणि हप्ता ७,९५०च्या आसपास येतो. तोही दिसायला ठीकच दिसतो! परीक्षक पद्धतीचे गुण देईल, उत्तराचे जातील.

पण तीस सेकंदांची एक तपासणी आहे. ॲश्युरन्स म्हणजे एक वजा, डी गुणिले ॲन्युइटी. ४ टक्क्यांना डी म्हणजे ०.०४ भागिले १.०४, म्हणजे ०.०३८४६. त्याला २०.००५ने गुणलं की ०.७६९४, एकातून वजा केलं की ०.२३०६. जुळलं. त्याच डीला ६ टक्क्यांची ॲन्युइटी घालून बघ, ०.४०४२ येतं, तुझ्या ०.१२३१३शी दूरदूरचा संबंध नाही. चूक तिथेच पकडली जाते. हे सूत्र प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात, पण ते तपासणीसाठी वापरायची सवय घरी बसून दोनशे प्रश्न सोडवल्यावरच लागते.

जाता जाता: एएम९२ हा ब्रिटनमधल्या विमाधारक पुरुषांचा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा तक्ता आहे. आपल्याकडे कंपन्या इंडियन अश्युअर्ड लाइव्ह्ज मॉर्टॅलिटी २०१२-१४ वापरतात. परीक्षेत आणि नोकरीत तक्ता वेगळा दिसला की गोंधळू नकोस, गणित तेच आहे.

कृष्णाकाठ
काका, हे मी आत्ता कॅल्क्युलेटर घेऊन करून बघितलं. जुळलं! कॉलेजात हे सूत्र सिद्ध केलं होतं, पण ते अशा कामाला येतं हे कुणी सांगितलं नव्हतं. खूप खूप आभार.

लोथियन_रोड
एडिनबरोहून लिहितेय. मूळची नाशिकची, इथे पेन्शन कन्सल्टन्सीत आहे आणि आयएफओए म्हणजे ब्रिटनमधल्या ॲक्चुअरींच्या संस्थेच्या परीक्षा देते. विषयांची नावं आणि बराचसा अभ्यासक्रम भारतातल्यासारखाच आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली, आयएफओएच्या जुन्या प्रश्नपत्रिकांबरोबर परीक्षकांचे अहवालही उघड मिळतात. ते कुणीही वाचू शकतं, तुम्ही भारतातून परीक्षा देत असलात तरी. उत्तराखाली परीक्षक दोन-तीन ओळी लिहितात: बहुतेकांना हे जमलं, इथे अनेकांनी गृहीतकं लिहिली नाहीत, या भागात फार थोड्यांना पूर्ण गुण मिळाले. मी एका विषयाचे लागोपाठ सहा अहवाल वाचून फक्त या टिपा एका कागदावर उतरवल्या. तोच कागद शेवटच्या आठवड्यात सगळ्यात जास्त वाचला.

दुसरी, बी पेपर. सीएम१चा एक्सेलमध्ये, सीएस१चा आरमध्ये. एकूण गुणांत ए पेपरचा वाटा ७० टक्के, बीचा ३० टक्के, म्हणून मुलं बीला शेवटच्या पंधरा दिवसांत हात लावतात. तसं करू नका. सीएस१च्या बीमध्ये माझे गुण कुठे गेले सांगते. टी-टेस्ट चालवली, आउटपुट उत्तरात चिकटवलं आणि पुढच्या प्रश्नाला गेले. पी-व्हॅल्यू समोर छापलेली असूनही "ती ५ टक्क्यांपेक्षा कमी आहे, म्हणून नल हायपोथिसिस नाकारते, म्हणजे दोन्ही गटांच्या सरासरी दाव्यात फरक आहे असं मानायला पुरावा आहे" हे एक वाक्य लिहिलं नाही. गुण त्या वाक्याला असतात. सीडचा (यादृच्छिक नमुने जिथून सुरू होतात तो) आकडा दिला असेल तर तोच वापरा, नाहीतर तुमचे नमुने वेगळे येतील. आरचं मोठं पुस्तक घेण्याची गरज नाही. आर आणि आरस्टुडिओ फुकट आहेत. प्रत्येक प्रकरण संपलं की त्यातलं एक उदाहरण आरमध्ये करा, बस.

आमच्याकडे उत्तरं संगणकावर टाइप करावी लागतात, तुमच्या सत्राची पद्धत सूचनापत्रात बघा आणि पहिल्या दिवसापासून तशाच पद्धतीने सराव करा.

सात_बावीसची_लोकल
लोथियनताई, अहवालांचं अगदी बरोबर. मी ते लोकलमध्ये फोनवर वाचायचे, कारण उभ्याने गणित होत नाही पण टिपा वाचून होतात.

न्यूजर्सीतून
एक वेगळी वाट सुचवतो. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ॲक्चुअरीजची पी (संभाव्यतेची) परीक्षा भारतातूनही देता येते. तीन तास, ३० बहुपर्यायी प्रश्न, संगणकावर. सोसायटीच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्न फुकट आहेत. ऑनलाइन सरावाची साधनं इतकी चांगली आहेत की क्लास लागत नाही. माझ्या पुतणीने पुण्यातून दिली.

विमागणिती_काका
वाट चांगली आहे, पण ती दुसऱ्या गावाला जाते. भारतात विमा कंपनीची नियुक्त ॲक्चुअरी व्हायचं असेल तर शेवटी इथल्या इन्स्टिट्यूटचं फेलो व्हावं लागतं. बहुपर्यायी सरावाने वेग येतो, पण पायऱ्या लिहून गुण मिळवायचा हात बसत नाही. संभाव्यता पक्की करायला ते नमुना प्रश्न सोडव, पण साहित्याचे दोन संसार मांडू नकोस.

न्यूजर्सीतून
मान्य. तिने इकडे यायचं आधीच ठरवलं होतं, म्हणून तिला ते सोयीचं पडलं.

अंगणातली_तुळस
मला क्लासची बाजूही मांडायची आहे, कारण सगळा धागा क्लासच्या विरोधात चाललाय. मी दोन लहान मुलं सांभाळून पेपर देतेय. घरी "आज तीन तास अभ्यास" असं ठरवते आणि नऊ वाजता कुणाला तरी ताप येतो. ऑनलाइन क्लासची वेळ ठरलेली असते म्हणून नवरा आणि सासूबाई तेवढा वेळ मोकळा ठेवतात. मला शिकवणीपेक्षा ती वेळ मिळाली. सीबी२ मी एकटीने केलं, अर्थशास्त्र वाचून समजतं. पण सीएस२ क्लासशिवाय झालं नसतं. मार्कोव्ह जंप प्रोसेस मला कुणीतरी फळ्यावर बाण काढून दाखवेपर्यंत कळली नव्हती. तेव्हा प्रत्येकीची गरज वेगळी, एवढंच.

पंचगंगा_तीरी
तुळस, हे पटलं. तुझ्यासारखी परिस्थिती असेल तर क्लास हवाच. माझा राग क्लासवर नाही, न सांगता अर्धा सिलॅबस सोडून देण्यावर आहे.

लोथियन_रोड
मलाही पटलं. शिवाय एखाद-दुसऱ्या विषयापुरता क्लास, बाकी घरी, असंही करता येतं. सगळ्या विषयांचं 'पॅकेज' आगाऊ घेऊ नका मात्र. पहिला निकाल आल्यावर आपण कुठे कमी पडतो ते कळतं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा बाबांना वाचून दाखवला. काकांच्या हप्त्याच्या उदाहरणापाशी त्यांनी थांबवलं आणि विचारलं, "म्हणजे व्याज वाढलं की हप्ता कमी होतो?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "अडतीतही आगाऊ पैशाचं असंच असतं." पहिल्यांदाच त्यांना मी काय शिकतेय ते कळलं.

ठरवलंय ते असं. दोन्ही सीएमपी घेणार. सीनिअरदादांना नोट्स नको म्हणून सांगितलं आणि शनिवारी संध्याकाळी अर्धा तास मागितला, ते लगेच हो म्हणाले. क्लास आत्ता नाही. टेलिग्राम ग्रुप सोडला. सेमिनारचा निर्णय चार पेपर सोडवल्यावर.

एकच शंका उरली. दोन पेपर एकदम द्यावेत का, की एकच?

सात_बावीसची_लोकल
नोकरी नाही, तोवर दोन दे. पण रोजचा वेळ वाटू नकोस, दिवस वाट. मी सकाळी सीएम आणि संध्याकाळी सीएस करायचे, दोन्ही अर्धवट राहायचं. मग तीन दिवस एक, तीन दिवस दुसरा असं केलं आणि बसलं. परीक्षेच्या महिनाभर आधी एक विषय निम्म्यावरच असेल तर मात्र दुसऱ्याकडे सगळा जोर लाव.

विमागणिती_काका
अनुमोदन. ए पेपरला एका गुणाला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. आठ गुणांच्या प्रश्नावर पंचवीस मिनिटं बसायची सवय लागली तर कितीही साहित्य घेतलं तरी पेपर पुरा होत नाही. म्हणून घड्याळ लावून पूर्ण पेपर, मधे न उठता. असाइनमेंटची तपासणी कूपनं संपली तर तुझं एखादं उत्तर मला व्यक्तिगत निरोपातून पाठव, मी वाचून कळवीन. आता निवृत्त आहे, सकाळचा वेळ मोकळा असतो.

अंगणातली_तुळस
कृष्णाकाठ, मी या सत्रात सीएम१ पुन्हा देतेय. रविवारी सकाळी सहा ते साडेनऊ आमच्याकडे सगळे झोपलेले असतात. आपण दोघी एकच जुना पेपर एकाच वेळी सोडवूया का? संपल्यावर एकमेकींचा तपासायचा, इंडिकेटिव्ह सोल्युशन समोर ठेवून.

कृष्णाकाठ
हो ताई, नक्की! सीएम१ अजून पूर्ण झालं नाही, म्हणून या रविवारी व्याजाच्या प्रकरणांपुरता सीटी१चा पेपर चालेल का? तुमच्यासाठी उजळणी होईल. मी आज कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन प्रती छापून आणते, एक पेपरची, एक उत्तरांची. उत्तरांची बाबांकडे देऊन ठेवीन साडेनऊपर्यंत.

अंगणातली_तुळस
चालेल. सहाला पाच मिनिटं असताना निरोप टाकते.